एमएस्सीला ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल की अ‍ॅनालिटिकल? आणि ही मंडळी करतात तरी काय?

कृष्णाकाठ | ११ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. लेक यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली. एमएस्सी करायचं हे नक्की आहे, पण स्पेशलायझेशन कुठलं यावरून पंधरा दिवस घरात खल चालू आहे. ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल आणि अ‍ॅनालिटिकल असे चार पर्याय आहेत, बायोकेमिस्ट्रीचा विभाग वेगळा. तिचा मामा म्हणतो ऑरगॅनिक घे, औषध कंपन्यांत जागा निघतात. मॅडम म्हणतात अ‍ॅनालिटिकल. तिला स्वतःला फिजिकल आवडतं, पण मैत्रिणींनी घाबरवून ठेवलंय की त्यात नुसतं गणितच असतं.

मी कॉमर्सची. मी तिला एकच विचारलं, की या चौघांच्या प्रयोगशाळेत सकाळी गेलं तर कोण काय करताना दिसेल? तिने व्याख्या म्हणून दाखवल्या. कार्बनच्या संयुगांचा अभ्यास म्हणजे ऑरगॅनिक, बाकीच्या मूलद्रव्यांचा इनऑरगॅनिक वगैरे. व्याख्या कळली, पण काम करणारा माणूस काही डोळ्यांपुढे आला नाही.

आमचं घर हळदीच्या व्यापारातलं. सासऱ्यांच्या वेळी हरिपूरला पेवांत हळद साठवायचे. मला हातात धरून बघता येईल अशा उदाहरणाने कुणी समजावेल का? अर्ज भरायला आठ दिवस आहेत.

कॉलम_चालू_आहे | ११ जून, रात्री १०:१५

ताई, मी पुण्यात ऑरगॅनिकमध्ये पीएचडी करतोय. माझी सकाळ सांगतो.

आल्या आल्या आधी रात्री लावून गेलेल्या रिअ‍ॅक्शनची टीएलसी. म्हणजे बोटभर पट्टी, तिच्यावर सिलिकाचा पातळ थर. खालच्या टोकाला मिश्रणाचा टिपका द्यायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतो, जाताना मिश्रणातले पदार्थ कमीजास्त ओढत नेतो, आणि एकाचे तीन-चार ठिपके होतात. यूव्ही दिव्याखाली नवा ठिपका दिसला की जीव भांड्यात पडतो. मग वर्कअप, म्हणजे धुऊन-गाळून माल वेगळा काढणं, रोटाव्हॅपवर द्रावक उडवणं आणि कॉलम. कॉलम म्हणजे तीच पट्टी, पण हातभर लांबीच्या काचेच्या नळीत, तासन्‌तास. संध्याकाळी चिमूटभर पांढरी पूड मिळते. ती एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राला द्यायची आणि हवा तोच रेणू झालाय का ते बघायचं.

माझ्या दिवसाला दोनच प्रश्न असतात. हा रेणू कसा जोडलेला आहे, आणि मला तो बांधता येईल का?

चंची | ११ जून, रात्री १०:२२

जीव गोल बुडाच्या भांड्यात पडतो का चपट्या बुडाच्या?

कॉलम_चालू_आहे | ११ जून, रात्री १०:२५

@चंची, गोल बुडाच्याच. खाली ऑइल बाथ लागतो ना.

फळा_खडू | १२ जून, सकाळी ७:०५

कृष्णाकाठताई, हळदीचं घर म्हणालात म्हणून हळदच घेऊ. मी कॉलेजात पस्तीस वर्षं फिजिकल केमिस्ट्री शिकवली. एफवायच्या पहिल्या तासाला हेच करायचो.

पांढऱ्या रुमालाला हळदीचं ओलं बोट पुसा आणि डाग वाळू द्या. मग त्यावर कपड्याच्या साबणाचं पाणी टाका. डाग तिथल्या तिथे तांबडालाल होतो. आता लिंबू पिळा. पुन्हा पिवळा. पोरं ओरडायची, "सर, परत करा!" तोच रुमाल आता एकेका टेबलावर नेऊ.

ऑरगॅनिकवाला विचारेल, हा पिवळा पदार्थ कोणता? त्याचं नाव कुरकुमिन. हळदीतून तो वेगळा काढला गेला १८१५ साली, आणि त्याचे अणू कसे जोडलेले आहेत ते कळलं १९१० साली. मधली पंचाण्णव वर्षं रंग बाटलीत होता, पण रेणूचा नकाशा नव्हता. नकाशा हाती आल्यावर लक्षात आलं की दोन बाजूंना दोन बेन्झीनची कडी आहेत आणि मधे त्यांना जोडणारा कार्बनचा पूल, एकाआड एक दुहेरी बंधांचा. पिवळेपणा त्या पुलात आहे.

फिजिकलवाला विचारेल, रंग बदलला म्हणजे नेमकं काय झालं, किती झालं, आणि परत का फिरलं? साबण अल्कधर्मी. तो कुरकुमिनच्या रेणूतला एक हायड्रोजन आयन काढून नेतो. त्याबरोबर पुलावरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, ते प्रकाशातला वेगळा भाग शोषू लागतात आणि डोळ्याला लाल दिसतं. लिंबाने तो हायड्रोजन आयन परत दिला. सामू (पीएच) साडेसातच्या खाली पिवळा, साडेआठच्या वर लाल, आणि मधे दोघांची रस्सीखेच. ही रस्सीखेच आकड्यांत मांडणं हे आमचं काम. गणित येतं ते इथे येतं. मुलीला सांगा, ते गणित डाग समजून घेण्यासाठी असतं. डाग आधी बघितलेला असला की त्याची भीती वाटत नाही.

अ‍ॅनालिटिकलवाला विचारेल, या पुडीत खरी हळद किती? कुरकुमिन किती टक्के? आणि पिवळा रंग सगळा हळदीचाच आहे का? बाजारात हळद पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलो नावाचा कृत्रिम रंग घालतात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी छटा येते. शुद्ध हळदीतही क्षणभर येते, पण पाणी घातलं की ती जाते. पाणी घालूनही टिकली तर भेसळ. (हे घरी करू नका, ते आम्ल अंगावर उडालं तर भाजतं.)

इनऑरगॅनिकवाल्याचं काम दुसऱ्या भेसळीत आहे. काही ठिकाणी हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट घालतात. तो कार्बन नसलेला, शिसं आणि क्रोमियमचा पिवळा क्षार. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणजे एकाच पुडीतल्या दोन भेसळी, एक ऑरगॅनिक आणि एक इनऑरगॅनिक.

आणि बायोकेमिस्ट विचारेल, हे कुरकुमिन पोटात गेल्यावर त्याचं काय होतं? ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून भांड्यातला परिणाम आणि शरीरातला परिणाम यांत पुष्कळ अंतर पडतं.

रानजाई | १२ जून, सकाळी ८:१०

सर, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. हळद-दुधाच्या फॉरवर्ड्सना उत्तर म्हणून मी तो परिच्छेद जपून ठेवतेय.

नऊवारी | १२ जून, सकाळी ११:३०

सर, मला एक शंका आहे. माझं माहेर पंढरपूरजवळ, आमच्या आजीच्या हातचं कुंकू गावात प्रसिद्ध होतं. हळकुंडं, टाकणखार आणि लिंबाचा रस. लहानपणी मी स्वतः लिंबं पिळून दिली आहेत. आता तुम्ही म्हणता लिंबाने लाल परत पिवळं होतं. मग आमचं कुंकू लिंबात भिजवून लाल कसं राहायचं? आजी काही चुकीचं सांगत नव्हती.

चंची | १२ जून, सकाळी ११:३४

आजी विरुद्ध विद्यापीठ. मी आजीच्या बाजूने.

कॉलम_चालू_आहे | १२ जून, दुपारी १:०२

@नऊवारी, काकू, काय सुंदर शंका काढलीत! लॅबमध्ये वाचून दाखवली, सगळ्यांचा डबा खायचा राहिला.

उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉन. नुसता चुना लावून लाल केलेली हळद लिंबाने पिवळी होणारच, कारण तिथे फक्त हायड्रोजन आयनाची देवाणघेवाण चालली आहे. बोरॉनची गोष्ट वेगळी. आम्लाच्या संगतीत तो कुरकुमिनच्या मधल्या पुलावरचे दोन ऑक्सिजन पकडून बसतो आणि नवंच लाल संयुग तयार होतं. तिथे आम्ल रंग घालवत नाही, उलट तो जमायला मदत करतं. सरांचा लाल आणि तुमच्या आजीचा लाल हे दोन वेगळे लाल आहेत.

गंमत अशी की बोरॉन ओळखायची प्रयोगशाळेतली जुनी परीक्षा हीच. हळदीत बुडवून वाळवलेला कागद घ्यायचा, आम्ल केलेल्या द्रावणात भिजवून सुकवायचा. तांबडा झाला आणि त्यावर अल्कली टाकल्यावर हिरवट काळा पडला तर बोरॉन आहे. आजी पाट्यावर जे करत होत्या तेच रसायनशास्त्राची पोरं परीक्षानळीत करतात.

फळा_खडू | १२ जून, दुपारी २:२०

शाब्बास. आणि आता सांगा हे काम कोणत्या शाखेचं? पकडला गेलेला रेणू ऑरगॅनिक, पकडणारा बोरॉन इनऑरगॅनिक, उपयोग अ‍ॅनालिटिकल.

नऊवारीताई, तुमच्या आजींना नमस्कार. माझ्या पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ही शंका विचारली नव्हती.

नऊवारी | १२ जून, दुपारी २:४५

आजी असती तर लाजली असती. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

शब्दवेडा | १२ जून, सायंकाळी ५:१०

थोडं शब्दांबद्दल. ऑरगॅनिकला मराठीत 'सेंद्रिय' म्हणतात, म्हणजे स + इंद्रिय. इंद्रियं असलेल्या, सजीवांकडून आलेल्या पदार्थांचं रसायन. जुनी समजूत अशी होती की असे पदार्थ सजीवांच्या शरीरातच बनतात, त्यांना काही जीवनशक्ती लागते. १८२८ साली जर्मनीत फ्रीडरिश व्होलरने अमोनियम सायनेट हे खनिज वर्गातलं समजलं जाणारं संयुग तापवलं आणि त्याचा युरिया झाला. मूत्रातला युरिया, मूत्रपिंडाशिवाय. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. समजूत एका दिवसात गेली नाही, पण तिला तडा गेला. पुढे व्याख्या कार्बनवर आली, म्हणून आता बोर्डाच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असा शब्द आहे. तो जास्त नेमका. पण 'सेंद्रिय' जिभेवर बसलाय.

यातून एक घोटाळा होतो. केमिस्टच्या भाषेत युरिया सेंद्रिय संयुग आहे. शेतकऱ्याच्या भाषेत युरियाची गोणी टाकली की शेती सेंद्रिय राहत नाही.

दूधपंढरी | १२ जून, सायंकाळी ५:४०

म्हणजे युरिया सेंद्रिय आहे असं लिहून मिळालं तर आमचे आबा गावभर पेढे वाटतील.

शब्दवेडा | १२ जून, सायंकाळी ५:५२

@दूधपंढरी, लिहून मिळेल, सर्टिफिकेट मात्र मिळणार नाही.

दूधपंढरी | १२ जून, रात्री ८:३०

आबांचं नाव निघालंच आहे तर अ‍ॅनालिटिकलबद्दल लिहितो. माझं शिक्षण बारावी. पण मी सात वर्षं दूध संकलन केंद्रावर फॅट काढली आहे, हातात ब्युटायरोमीटर घेऊन. आता मशीन आलं. तेव्हा दहा मिली गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध हळूच भिंतीवरून सोडायचं, मग एक मिली अमाइल अल्कोहोल. बूच मारून हलवलं की नळी हाताला चटका देते इतकी तापते. आम्ल दुधातली प्रथिनं जाळतं आणि फॅट मोकळी होते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची, आणि नळीच्या बारीक मानेवर पिवळसर पट्टा दिसतो. तो वाचायचा. साडेतीन, चार, म्हशीचं असेल तर सहा-सात.

त्या पट्ट्यावर माणसाचा दिवसाचा पैसा ठरायचा. एक रेघ चुकीची वाचली तर समोरच्या बाईच्या दहा लिटरचे पैसे कमी. म्हातारी माणसं नळीकडे डोळे लावून उभी असायची. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की याला अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री म्हणतात. पण बरोबर मोजणं ही प्रामाणिकपणाची गोष्ट आहे हे तिथेच कळलं. मुलीला सांगा, ही शाखा कमी दर्जाची आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

शिफ्ट_इनचार्ज | १२ जून, रात्री ११:५०

दूधपंढरी, मनापासून सलाम. आता माझे दोन पैसे, नाइट शिफ्ट आहे म्हणून उशिरा.

कोकणातल्या एका एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत अठरा वर्षं काढली. सरांचं हळदीचं उदाहरण आवडलं, पण थोडा असहमत आहे. मुलीला महिन्याला पगार लागणार आहे. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत ऑरगॅनिकवाल्यांची रांग असते. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एचपीएलसी, जीसी ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं नीट चालवून आलेख वाचता येणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

आणि हे काम किती जबाबदारीचं ते बघा. रॅनिटिडिन, आपल्या घराघरांतली पित्ताची गोळी. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए नावाची कर्करोगाला कारण ठरू शकणारी अशुद्धी सापडली, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ती बाजारातून काढून घ्यायला सांगितली. दिवसाला चालण्याजोगी मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले ९६ घ्या. एवढंसं काहीतरी गोळीत आहे हे कुणीतरी मोजून दाखवलं. आधी २०१८ मध्ये व्हालसार्टन या रक्तदाबाच्या औषधात हेच झालं होतं.

फळा_खडू | १३ जून, सकाळी ६:५०

शिफ्ट_इनचार्ज, पगाराचा मुद्दा मान्य. पण तुमचंच उदाहरण पुढे न्या. एनडीएमए आहे हे अ‍ॅनालिटिकलने दाखवलं. ते आलं कुठून? व्हालसार्टनमध्ये तयार करण्याच्या पद्धतीतून, वापरलेला द्रावक आणि नायट्राइट यांच्या गाठीतून. रॅनिटिडिनमध्ये खुद्द गोळीचा रेणूच हळूहळू तुटून. हे ऑरगॅनिकवाल्याने उलगडलं. आणि गोळी उष्ण जागी ठेवली तर ते किती झपाट्याने वाढतं हा प्रश्न अभिक्रियेच्या वेगाचा, म्हणजे आमचा. एका टेबलावर बसून हे सुटलं नसतं.

शिफ्ट_इनचार्ज | १३ जून, दुपारी ३:१५

सर, झोपून उठलो आणि तुमचं वाचलं. पटलं. एक गोष्ट आठवली, ती फिजिकलच्या बाजूची आहे म्हणून प्रामाणिकपणे सांगतो.

एका उत्पादनाची बॅच सेंट्रिफ्यूजमधून निघेना. नेहमी चार तासांत कोरडा होणारा माल बारा तास झाले तरी चिखलासारखा. क्यूसी म्हणे शुद्धता उत्तम. आर अँड डीचे ऑरगॅनिकवाले म्हणाले रेणू तोच आहे, आमच्याकडून काही बदललं नाही. सलग चार बॅच अशाच. मेंटेनन्सने कापड बदललं, बास्केट बदललं. शेवटी एक नवी मुलगी आली, फिजिकल केमिस्ट्रीची. तिने फक्त लॉगबुकातले तापमानाचे आकडे मागितले आणि मालाचा नमुना मायक्रोस्कोपखाली धरला. स्फटिक पिठासारखे बारीक. आमच्याकडे तेव्हा ब्राइनची, म्हणजे थंडाव्यासाठी फिरवतात त्या गार खाऱ्या पाण्याची नवी लाइन आली होती, त्यामुळे रिअ‍ॅक्टर पूर्वीपेक्षा फार पटकन थंड होत होता. पटकन थंड केलं की एकदम असंख्य स्फटिक सुरू होतात आणि कुठलाच मोठा होत नाही. हळूहळू थंड केलं की थोडे सुरू होतात आणि वाढतात. तिने तासाला पाच अंश असं थंड करायला लावलं. पुढची बॅच साडेतीन तासांत कोरडी.

साखरेचा पाक आणि खडीसाखर, एवढाच फरक. आम्ही सगळे अनुभवी, पण कुणाला सुचलं नव्हतं.

कृष्णाकाठ | १३ जून, सायंकाळी ६:३०

मंडळी, काय लिहू. आत्ता लेकीला मोठ्याने सगळं वाचून दाखवलं. खडीसाखरेची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. मामाही ऐकत होता.

रुमालाचा प्रयोग केला. साबण, लिंबू, पुन्हा साबण. सासूबाईही बघायला आल्या. म्हणाल्या, हे तर आम्हाला माहीतच आहे, लुगड्यावर हळद सांडली की साबण लावायचा नाही, आधी उन्हात टाकायचं.

कोबाल्ट_निळा | १३ जून, रात्री ९:२०

धागा छान, पण इनऑरगॅनिकच्या वाट्याला फक्त लेड क्रोमेटची भेसळ आलेली बघून राहवलं नाही. आमची शाखा म्हणजे विष, असं चित्र नको.

सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध घ्या. मधे प्लॅटिनम, भोवती दोन अमोनिया आणि दोन क्लोरिन. कार्बनचा एक अणू नाही. संयुग १८४५ पासून माहीत होतं, कपाटात पडून. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि दोऱ्यासारखे लांबत गेले. शोध घेतला तर ते विजेमुळे झालंच नव्हतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून किंचित प्लॅटिनम विरघळून त्याची संयुगं झाली होती आणि पेशींचं विभाजन त्यांनी थांबवलं होतं. अनिर्बंध विभागणाऱ्या पेशी म्हणजे कर्करोग. १९७८ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळाली. दोन क्लोरिन शेजारी असले तर औषध, समोरासमोर असले तर उपयोग नाही. आणि असा आकार असतो हे १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नरने मांडून ठेवलं होतं.

शाकाहारी घरांत कमी पडणारं बी-१२ जीवनसत्त्व घ्या. त्याच्या पोटात कोबाल्टचा एक अणू आहे. (माझं नाव तिथूनच.) त्याची रचना डोरोथी हॉजकिनने १९५६ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली.

फळा_खडू सर, तुमचं "वेगवेगळे प्रश्न" हे वर्णन सगळ्यांना लागू होत नाही असं माझं मत. ऑरगॅनिक-इनऑरगॅनिक ही वाटणी मालावरून झाली आहे, कार्बनचा माल इकडे, बाकीचा तिकडे. फिजिकल आणि अ‍ॅनालिटिकल ही कामावरून, त्यांना कुठलाही माल चालतो. बायो ही जागेवरून, जे सजीवात घडतं ते. तीन वेगळ्या फूटपट्ट्या एकत्र आल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. व्याख्या पाठ करून तो जात नाही.

फळा_खडू | १४ जून, सकाळी ७:००

कोबाल्ट_निळा, बरोबर आहे. मी माझं म्हणणं दुरुस्त करतो. इतकी वर्षं मी पहिल्या तासाला 'पाच प्रश्न' म्हणत आलो, 'तीन फूटपट्ट्या' म्हणायला हवं होतं.

कृष्णाकाठ | १४ जून, सकाळी ९:१५

@कोबाल्ट_निळा, हे मला एकदम कळलं! आमच्या बाजारातही तसंच आहे. राजापुरी आणि सेलम हे मालावरून. तोलणारा आणि प्रतवारी करणारा हे कामावरून, त्यांच्यापुढे दोन्ही वाण येतात. राजापुरीवाला आणि तोलणारा यांत काय फरक, असं कुणी विचारलं तर आपण म्हणू की प्रश्नच चुकला.

परदेशी_पाखरू | १४ जून, दुपारी १२:४०

जर्मनीतून लिहितेय. व्होलरचा विषय निघाला म्हणून. त्याचा जिवलग मित्र युस्टुस लीबिश. गीसन गावात त्याची प्रयोगशाळा म्युझियम म्हणून जपली आहे, मागच्या वर्षी बघून आले. १८२४ मध्ये तो तिथे प्राध्यापक झाला तेव्हा वय एकवीस. विद्यार्थ्यांना बाकावर बसवून ऐकवण्याऐवजी प्रत्येकाला जागा आणि उपकरणं देऊन हाताने काम करायला लावायचं, ही आज आपल्याला साधी वाटणारी प्रॅक्टिकलची पद्धत तिथे रुजली.

आणि तिथे एक काचेची वस्तू आहे, पाच फुगे जोडलेली त्रिकोणी नळी. १८३१ मधली. कार्बनचं संयुग जाळायचं, निघालेला कार्बन डायऑक्साइड या फुग्यांमधल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो. आधीचं आणि नंतरचं वजन केलं की कार्बन किती होता ते कळतं. पूर्वी असं एक मोजमाप करायला अतिशय कौशल्य आणि वेळ लागायचा, मग ते विद्यार्थीही करू लागले आणि शेकडो संयुगांचं सूत्र मिळत गेलं. म्हणजे ऑरगॅनिक शाखा उभी राहिली ती मोजण्याच्या उपकरणावर. दूधपंढरींचा ब्युटायरोमीटर वाचताना मला ते पाच फुगेच आठवत होते.

दूधपंढरी | १४ जून, दुपारी १:१०

ताई, फोटो असेल तर टाका. आबांना दाखवतो.

रानजाई | १४ जून, दुपारी ४:००

बायोकेमिस्ट्रीसाठी मी आपल्या कमला सोहोनींचं नाव घेणार. बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला, मग वर्षभर काम बघून ठरवू या अटीवर घेतलं. त्या टिकल्या आणि पुढे मुलींना दार उघडलं. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी सापडलं, श्वसनाच्या साखळीतला महत्त्वाचा दुवा. १९३९ मध्ये पीएचडी. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेचा अभ्यास केला, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना त्यातून कोणतं पोषण मिळतं हे बघितलं. ग्राहक चळवळीत उतरून घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची हेही शिकवलं. केंब्रिजच्या पेशीपासून स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत एकच बाई.

अवांतर_आजोबा | १४ जून, रात्री ८:०५

अवांतर: हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं आणि आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. तेव्हा प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने संस्कृत ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून दिले होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगलीकरांच्या धाग्यात हे यायलाच हवं.

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री ८:२०

आजोबा, मानांकन मिळालं तेव्हा आमच्या पेठेत पेढे वाटले होते.

पिवळा_रुमाल | १५ जून, सायंकाळी ७:१०

नमस्कार. नवीन सदस्य. मी कृष्णाकाठ यांची मुलगी. आईच्या खात्यावरून सगळं वाचलं, आता स्वतः लिहिते.

फळा_खडू सर, तुम्ही सगळे टेबलं फिरून आलात, पण माझ्या आजीचं वाक्य राहिलं. साबण लावायचा नाही, उन्हात टाकायचं. साबणाने डाग लाल होऊन परत येतो हे समजलं. पण उन्हात तो जातो कसा? आणि सावलीत का जात नाही?

फळा_खडू | १५ जून, रात्री ८:४५

बेटा, साबणाने रेणू फक्त रूप बदलतो. उन्हाने रेणू तुटतो. प्रकाशातली ऊर्जा शोषून तो मधला पूल मोडतो आणि लहान तुकडे होतात, त्यांत एक तर व्हॅनिलिन, आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा वास असतो ते. पूल गेला की पिवळा रंग गेला. याला प्रकाशरसायन म्हणतात आणि तो भौतिक रसायनशास्त्राचा भाग आहे. आता मी पुढचं सांगत नाही. ऊन किती लागतं, ओल्या कापडावर जास्त की कोरड्या, पिवळ्या काचेखाली काय होतं, निळ्या काचेखाली काय होतं, हे तूच बघ.

शिफ्ट_इनचार्ज | १५ जून, रात्री ९:३०

@पिवळा_रुमाल, हा प्रश्न तुझ्या डोक्यात आपणहून आला ना? मग फिजिकलच घे. माझं आधीचं मत मागे घेतो. फक्त एक ऐक, उन्हाळ्याच्या सुट्टीत एचपीएलसी आणि यूव्ही चालवायला शीक. डाग किती उरला ते तुला शेवटी मोजावंच लागेल.

नऊवारी | १५ जून, रात्री ९:५०

एक रुमाल माझ्या वाटचा टाकणखार आणि लिंबू लावूनही ठेव गं. त्या लालवर उन्हाचं काय होतं बघायचंय. आजीचं कुंकू डबीत मिटून ठेवायचो आम्ही.

पिवळा_रुमाल | १६ जून, दुपारी १२:२५

अर्ज भरला. पहिला पर्याय फिजिकल, दुसरा अ‍ॅनालिटिकल. मामाने स्वतः फॉर्म तपासून दिला.

गच्चीत सहा रुमालाचे तुकडे मांडलेत. दोन कोरडे, दोन ओले, एक टाकणखार-लिंबाचा, एक काळ्या कापडाखाली. नऊवारीकाकू, टाकणखार किराण्यात मिळाला. पण सकाळपासून आभाळ भरून आलंय, ऊनच नाही. पडलं की दर तासाला फोटो टाकते.